शेरास सव्वाशेर: पटकीचा जिवाणू आणि त्याचा शेजारी

दोन जातींचे जिवाणू एकत्र कालवून त्यांचा थेंब आगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या घट्ट जेलीवर, ठेवायचा, काही तास उबेत ठेवायचा आणि मग कोण किती उरलं ते मोजायचं. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला हा अगदी साधा प्रकार. थेंब खरवडून पातळ करतात आणि दोन वेगळ्या अँटिबायोटिक घातलेल्या थाळ्यांवर पसरतात. एका थाळीवर एकच जात वाढते, दुसरीवर दुसरी. दुसऱ्या दिवशी ठिपक्यांसारख्या वसाहती मोजल्या की निकाल हातात.

२०१३ साली बोस्टनच्या हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये मारेक बास्लर, ब्रायन हो आणि जॉन मेकॅलॅनोस यांनी अशीच एक जोडी लावली. एकीकडे पटकीचा जिवाणू, म्हणजे व्हिब्रिओ कॉलरी. दुसरीकडे स्यूडोमोनास एरुजिनोसा. शेजाऱ्याच्या अंगात विष खुपसणारं एकाच घडणीचं हत्यार दोघांकडेही होतं. पटकीचे जिवाणू भराभर मेले. मग त्यांच्या हत्याराचं जनुक काढून टाकून तीच जोडी पुन्हा लावली, तेव्हा ते बरेचसे सुखरूप राहिले.

हत्यार हातात होतं तो मेला, नव्हतं तो वाचला. दुसऱ्या जोडीत पटकीऐवजी असिनेटोबॅक्टर बेली नावाचा जिवाणू घेतला, तरी तोच प्रकार. इथे नेमकं काय घडत होतं ते नीट पाहायचं, तर आधी दोघांची आणि त्या हत्याराची ओळख करून घ्यावी लागेल.

दोघे कोण

पटकीची ओळख मराठी माणसाला निराळी करून द्यायला नको. गावाच्या शिवेवरची मरीआई आणि साथ आली की तिचा गाडा हद्दीबाहेर ढकलत नेण्याची रीत, दोन्ही या रोगाच्या भीतीतून आलेली. माणूस मरतो तो या जिवाणूने आतड्यात सोडलेल्या विषामुळे. ते विष वेगळं असतं आणि जिवाणूशिवाय नुसत्या द्रवातही आपलं काम करतं, हे १९५९ साली कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवलं.

ते विष या प्रकरणातलं हत्यार नव्हे. जिवाणूंच्या पेशीतून प्रथिनं बाहेर धाडणाऱ्या अनेक यंत्रणा आहेत आणि त्यांना टाइप वन, टाइप टू असे आकडे पडले आहेत. पटकीचं विष टाइप टूच्या दारातून बाहेर पडतं आणि आतड्याच्या पोकळीत मिसळतं. इथे ज्या हत्याराची गोष्ट आहे ते टाइप सिक्स. एकाच जिवाणूची ही दोन दारं: एक माणसासाठी, दुसरं मुख्यतः शेजारच्या जिवाणूंसाठी. आपण दीडशे वर्षं पहिल्या दाराकडे पाहत आलो आहोत. ते साहजिकच आहे, पण दुसऱ्या दारातून जे चालतं ते मला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

स्यूडोमोनास माती, पाणी, नळाच्या तोट्या, भाजलेल्या जखमा, व्हेंटिलेटरच्या नळ्या अशा कुठेही राहतो. थाळीवर हिरवट निळा रंग सोडतो. प्रयोगशाळांतून जगभर वापरला जाणारा त्याचा वाण मुळात मेलबर्नमधल्या एका रुग्णाच्या जखमेतून १९५०च्या दशकात वेगळा केलेला. त्याच्याकडे टाइप सिक्सचे तीन संच आहेत. या प्रकरणात काम करतो तो पहिला, एच-वन.

हत्यार

टाइप सिक्सचा शोध लागला तो अमीबामुळे. मातीत डिक्टिओस्टेलियम नावाचा अमीबा असतो आणि तो जिवाणू खाऊन जगतो. १९६८ साली सुदानमध्ये मिळालेला पटकीचा व्ही-५२ हा वाण मात्र त्याला खाता येत नव्हता, उलट अमीबाच मरत होता. स्टीफन पुकाट्झकी आणि सहकाऱ्यांनी या वाणात एकेक जनुक मोडून पाहिलं आणि कोणतं मोडल्यावर अमीबाला तो पचतो ते शोधलं. त्या जनुकांचा एक गट निघाला. आधी माहीत असलेल्या कुठल्याही यंत्रणेशी तो जुळत नव्हता, म्हणून सहावा आकडा. हे २००६ सालचं. त्याच वर्षी जोसेफ मूगस आणि सहकाऱ्यांनी स्यूडोमोनासमध्येही तसाच संच दाखवला.

अमीबा मरतो म्हटल्यावर हे हत्यार मोठ्या पेशींविरुद्ध असणार, अशीच सगळ्यांची पहिली समजूत झाली. ती चुकीची नव्हती, पण अपुरी होती. २०१० साली मूगस यांच्या गटाने स्यूडोमोनासबाबत आणि पुकाट्झकी यांच्या गटाने पटकीबाबत दाखवलं की या यंत्रणेचा मारा दुसऱ्या जिवाणूंवर होतो. आज हे हत्यार ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे पेशीभोवती आत-बाहेर दोन पटलं (पातळ पडदे) असलेल्या, जिवाणूंपैकी जवळजवळ चौथ्या हिश्शात सापडतं.

त्याची घडण पाहिली की थक्क व्हायला होतं. पेशीच्या आत, पटलाला टेकून, एक बैठक उभी राहते. तिच्यावर एचसीपी नावाच्या प्रथिनाची कडी एकावर एक चढत एक पोकळ नळी तयार होते. नळीभोवती दुसऱ्या दोन प्रथिनांचं म्यान चढतं. पटकीच्या जिवाणूत त्यांची नावं विप-ए आणि विप-बी. नळीच्या टोकाला व्हीजीआरजी नावाचं भाल्याचं पातं आणि त्याच्याही टोकाला पार नावाचं सुईसारखं टोकदार प्रथिन. म्यान ताणलेल्या स्थितीतच बांधलं जातं. बांधायला साधारण अर्धा मिनिट लागतो आणि लांबी जवळजवळ एक मायक्रोमीटर होते, म्हणजे जिवाणूच्या रुंदीइतकी. मग ते सुटतं. पाच मिलिसेकंदांच्या आत म्यान निम्म्या लांबीचं होतं आणि आतली नळी पात्यासकट पेशीबाहेर, शेजाऱ्याच्या अंगात जाते. ताणून धरलेली स्प्रिंग सोडावी तसं.

नळी आणि पातं गेलं ते गेलं. मागे उरलेलं आखडलेलं म्यान मात्र वाया जात नाही. क्लिप-व्ही नावाचं प्रथिन ते उलगडून सुटं करतं आणि तेच तुकडे पुढच्या वारासाठी वापरले जातात.

हे यंत्र ओळखीचं वाटतं, कारण जिवाणूंना मारणाऱ्या टी-फोर या विषाणूची शेपटी अशीच आखडते. २००९ साली दोन्हींच्या भागांची रचना शेजारी ठेवून पाहिली तेव्हा साम्य उघड झालं. विषाणू बाहेरून जिवाणूच्या आत टोचतो. जिवाणूने तेच यंत्र आपल्या अंगात उलटं उभारलं आहे, आतून बाहेर मारणारं. आपल्यावर चाल करून येणाऱ्याच्याच घडणीचं शस्त्र या जिवाणूंच्या कोठारात आहे.

पात्यासोबत जातं ते विष. पटकीच्या जिवाणूची विषं तीन तऱ्हांनी काम करतात. एक शेजाऱ्याची पेशीभित्तिका कुरतडतं, एक पटलातली मेदद्रव्यं तोडतं, एक आतल्या पटलाला भोकं पाडतं. स्यूडोमोनासची विषंही अशीच. त्यातली टीएसई-वन आणि टीएसई-थ्री भित्तिकेवर चालतात, टीएसई-टू पेशीच्या आत. भित्तिका तुटली की आतल्या दाबानेच पेशी फुगते आणि फुटते.

प्रत्येक विषाबरोबर त्याचा उताराही जिवाणू स्वतःजवळ ठेवतो. विषाचं जनुक आणि उताऱ्याचं जनुक गुणसूत्रावर शेजारी शेजारी असतात. म्हणून सख्ख्या भावाचा वार बसला तरी मरण नाही. परक्या जातीकडे तो उतारा नसतो. आपलं कोण आणि परकं कोण हे या जगात उताऱ्यावरून ठरतं.

डोळ्यांनी पाहिलेली झुंज

२०१२पर्यंत हे सगळं बरंचसं अनुमान होतं. बास्लर आणि मेकॅलॅनोस यांनी म्यानाच्या प्रथिनाला हिरवं चमकणारं प्रथिन जोडलं आणि जिवंत पटकीच्या जिवाणूत म्यान वाढताना, आखडताना, उलगडताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. कॅलिफोर्नियातल्या ग्रँट जेन्सन यांच्या प्रयोगशाळेतल्या मार्टिन पिल्होफर यांनी अतिशीत केलेल्या पेशींचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने फोटो घेतले. त्यात तेच म्यान दोन रूपांत दिसलं: लांब बारीक आणि आखूड जाड.

मग त्याच वर्षी स्यूडोमोनास पाहिला आणि वेगळंच दिसलं. पटकीचा जिवाणू वाटेल तिथे, वाटेल तेव्हा वार करतो. शेजारी कोणी आहे की नाही याचीही त्याला फिकीर नसते, कितीतरी वार रिकामेच जातात. स्यूडोमोनासच्या पेशी मात्र लगटून बसल्या होत्या आणि चमकते ठिपके जोडीने उमटत होते. एका पेशीत ठिपका दिसला की तिच्या शेजारणीत, नेमका समोरासमोर, काही सेकंदांत दुसरा. इथून वार, तिथून तिथल्या तिथे उत्तर. दोघी एकाच वाणाच्या, दोघींकडे उतारा, म्हणून मरत कोणीच नव्हतं. शास्त्रज्ञांनी याला द्वंद्व म्हटलं.

यातूनच पुढच्या वर्षीचा प्रयोग निघाला. बहिणी एकमेकींना अशी उत्तरं देतात, तर परक्याने वार केला तर काय होईल? सुरुवातीला सांगितला तो निकाल याच प्रश्नाचं उत्तर आहे. पटकीचा सशस्त्र जिवाणू सवयीने वार करतो. तो वार बसतो. स्यूडोमोनास त्याच जागी आपलं यंत्र उभारतो आणि उलट वार करतो. परक्याकडे उतारा नाही, तो मरतो. निःशस्त्र जिवाणू वारच करत नाही, म्हणून स्यूडोमोनासचं यंत्र त्याच्यावर उठतही नाही.

मला या निकालात सर्वांत मोलाची वाटते ती ‘त्याच जागी’ ही गोष्ट. एक-दोन मायक्रोमीटर लांबीच्या पेशीला आपल्या अंगावर घाव नेमका कुठे बसला ते कळतं आणि ती तिथेच यंत्र बांधते. डोळे नाहीत, मज्जातंतू नाहीत. जे आहे ते असं: पटलात टॅग-क्यू, आर, एस, टी ही प्रथिनं, त्यांच्यामागे पीपीके-ए हे फॉस्फेट चिकटवणारं प्रथिन. ते एफएचए-वनला फॉस्फेट लावतं आणि तिथे यंत्राची उभारणी सुरू होते. पीपीपी-ए हे प्रथिन तो फॉस्फेट काढून घेतं. एक चिकटवणारं, एक सोडवणारं, आणि दोघांच्या ओढाताणीतून यंत्राचं उठणं आणि थांबणं ठरतं.

घाव ओळखायचा म्हणजे काय ओळखायचं? विष ओळखतो की टोचणं? याचा सुगावा त्याच वर्षी याच तिघांच्या दुसऱ्या प्रयोगातून लागला. या वेळी शेजारी होता ई. कोलाय, आणि त्याच्याकडे टाइप सिक्स नव्हताच. होतं आरपी-फोर नावाचं प्लाझ्मिड, म्हणजे गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं सुटं कडं, जे टाइप फोरच्या नळीतून शेजाऱ्याला डीएनए पाठवतं. त्याचा हेतू मारण्याचा नाही. तरी स्यूडोमोनासने त्याच्यावर वार केले. नळी उभारणारी जनुकं मोडली की वार थांबले. फक्त डीएनए पाठवण्यापुरती लागणारी जनुकं मोडली तर वार चालूच राहिले. पॉलिमिक्सिन-बी हे पटल विस्कटणारं औषध नुसतं घातलं तरी यंत्रं भराभर उभी राहिली. म्हणजे खोडी कोणी आणि कशासाठी काढली याच्याशी स्यूडोमोनासला देणंघेणं नाही. पटलाला धक्का बसला की तिथे उलट वार.

जशास तसे पुरत नाही

या निकालाला ‘जशास तसे’ असं नाव मिळालं आणि ते चटकन रूढ झालं. नाव आकर्षक आहे, पण त्यात एक अडचण होती. पहिला वार दुसऱ्याला करू द्यायचा म्हणजे त्याला एक घाव फुकट द्यायचा. प्रत्येक वार प्राणघातक असेल तर थांबून उत्तर देणारा तोट्यातच राहील.

ऑक्सफर्डमधल्या केव्हिन फॉस्टर यांच्या गटाने बास्लर यांच्यासोबत हा हिशेब मांडला आणि तो २०२० साली प्रसिद्ध झाला. संगणकात हजारो पेशी उभ्या केल्या, त्यांना वेगवेगळे डावपेच दिले आणि झुंजवलं. एका वाराला एकच वार असं उत्तर देणाऱ्या पेशी खरोखरच हरत होत्या. आधी वार करणाऱ्याचा फायदा त्यांना भरून काढता येईना. मात्र एका वाराला अनेक वारांनी उत्तर दिलं की चित्र पालटलं. मग त्यांनी खऱ्या जिवाणूंकडे, याच दोघांकडे, पुन्हा सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. स्यूडोमोनास एक घाव बसल्यावर अनेक वार परत करत होता.

तेव्हा नाव बदलायचं तर आपल्या भाषेत तयारच आहे: शेरास सव्वाशेर. जशास तसे म्हटलं की तराजू समतोल दिसतो. इथे मुद्दा तो समतोल मोडण्याचा आहे.

या हिशेबाला दुसरी बाजूही आहे. यंत्र बांधायला प्रथिनं लागतात आणि प्रत्येक वारासोबत नळी आणि पातं बाहेर जाऊन हरवतं. स्यूडोमोनास गरज पडेपर्यंत हा खर्च करत नाही, आणि करतो तेव्हा शत्रू नेमका कुठे आहे ते त्याला माहीत असतं. पटकीचा जिवाणू अंदाधुंद खर्च करतो. मग त्याचं हे वागणं निव्वळ उधळपट्टी आहे का?

पटकीच्या जिवाणूची बाजू

तसं म्हणणं त्याच्यावर अन्याय होईल. बोस्टनच्या प्रयोगात घेतलेल्या वाणात टाइप सिक्स सदासर्वदा चालू असतो. सगळेच वाण तसे नाहीत. सध्याची साथ पसरवणाऱ्या एल तोर वाणांत साध्या प्रयोगशाळेच्या मांसरसात तो बंद असतो. तो सुरू होतो कायटिनवर.

कायटिन म्हणजे खेकडा, कोळंबी आणि पाण्यातल्या बारीक कोपेपॉडांचं कवच ज्याचं असतं तो पदार्थ. पटकीचा जिवाणू खाऱ्या आणि निमखाऱ्या पाण्यात या कवचांना चिकटून राहतो. बांगलादेशातल्या मतलबमध्ये रीटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी याच गोष्टीचा उपयोग करून घेतला. जुनी सुती साडी किमान चार वेळा दुमडायची आणि तिच्यातून पाणी गाळायचं. धुऊन धुऊन तिचे धागे दाटलेले असतात, त्यामुळे कोपेपॉड आणि त्यांना चिकटलेले जिवाणू वरच राहतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत अशा गावांतली पटकी ४८ टक्क्यांनी कमी झालेली आढळली. हंड्याच्या तोंडाला फडकं बांधणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना या आकड्याचं अप्रूप वाटलं नसतं.

कवचावर बसल्यावर जिवाणूत दोन गोष्टी एकदम सुरू होतात. आजूबाजूचा सुटा डीएनए उचलून आपल्यात सामावून घेण्याची क्षमता येते, आणि टाइप सिक्स चालू होतो. दोन्हींची किल्ली एकच, टीएफओ-एक्स नावाचं नियामक प्रथिन. लोझानमधल्या मेलानी ब्लोकेश यांच्या गटाने २०१५ साली या दोन गोष्टींचा मेळ लावून दाखवला. जिवाणू शेजाऱ्याला फोडतो, त्याचा डीएनए बाहेर सांडतो आणि हा तो उचलतो. २०१९ साली त्याच गटाने दाखवलं की अशा रीतीने डीएनएच्या दीड लाख अक्षरांहूनही अधिक लांबीचा भाग एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतो. पटकीच्या जिवाणूचा सगळा जीनोम चाळीस लाख अक्षरांचा, त्यात एवढा तुकडा.

त्यामुळे तिथे अंदाधुंद वारांतूनही काही पदरात पडतं. कवचावर दाटी असते, बहुतेक शेजारी उलट वार करणारे नसतात आणि जो फुटतो तो आपली जनुकं मागे ठेवून जातो. बोस्टनच्या थाळीत हाच डाव अंगाशी आला, कारण समोर स्यूडोमोनास होता.

जनुकं उचलण्याचा हा प्रकार आपल्या दाराशी किती जवळ आहे ते १९९२ साली दिसलं. त्या वर्षी मद्रासेत पटकीची साथ आली आणि तिचा जिवाणू ओ-१ या नेहमीच्या गटात बसेना. त्याला ओ-१३९ हा नवा आकडा द्यावा लागला. तो पुढे बंगालपर्यंत पोहोचला. त्याच्या अंगावरचं आवरण बांधणारी जनुकं वेगळी होती. २००७ साली ब्लोकेश आणि गॅरी स्कूलनिक यांनी कायटिनवर ओ-१ जिवाणूला ओ-१३९चा डीएनए दिला आणि त्याचा गट बदलून दाखवला. मद्रासेत नेमकं असंच घडलं याचा तो पुरावा नव्हे, पण असं घडू शकतं हे त्यातून पक्कं झालं. मला वाटतं, टाइप सिक्सकडे वैद्यकाने लक्ष द्यायचं एक मोठं कारण इथे आहे.

आतड्यात

माणसाच्या पोटात गेल्यावर पटकीच्या जिवाणूला तिथे आधीपासून ठाण मांडून बसलेले शेजारी भेटतात. २०१८ साली मेकॅलॅनोस यांच्या गटाने उंदरांच्या पिल्लांत पाहिलं: टाइप सिक्स चालू असलेला पटकीचा जिवाणू आतड्यातल्या ई. कोलायला मारतो, अधिक जोमाने वसतो आणि आजारही वाढतो.

त्याच वर्षी झेब्रा माशांवर झालेला एक प्रयोग मात्र मला अजून विलक्षण वाटतो. माशाच्या आतड्यात एरोमोनास जिवाणू आधी वसवले, मग पटकीचे सोडले. एरोमोनास आतड्यातून निघून गेले. पटकीच्या जिवाणूच्या एका पात्याच्या टोकाला, व्हीजीआरजी-वनला, एक जास्तीचा भाग असतो. तो मोठ्या पेशींना आकार देणाऱ्या अॅक्टिन तंतूंना एकमेकांत गुंतवतो. अमीबाला नडला होता तोही हाच भाग. तो काढून टाकला, तरी पटकीचा जिवाणू थाळीवर एरोमोनासला पूर्वीइतकाच मारत होता. माशाच्या आतड्यात मात्र एरोमोनास आता जागचे हलेनात. तो भाग असताना माशाचं आतडं जोराने आकुंचन पावत होतं आणि त्या हिसक्यांनी जुने रहिवासी बाहेर ढकलले जात होते. पटकीचा जिवाणू शेजाऱ्यांना बाहेर काढत होता, पण धक्का द्यायचं काम माशाच्या आतड्याकडून करून घेत होता.